अडगळीतला संगणक



आपल्या कोठीच्या खोलीत तांदळाच्या पोत्यांमागे एक संगणक धूळ खात पडला होता, तो तुम्ही पाहिला आहेच. २०११ साली आलेला. "तो मेला," असे सगळे म्हणत. मीही म्हणत असे. २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्याची वायर काढून आतली धूळ ब्रशने झाडली आणि मग बटण दाबले. पडदा उजळला की! मग मेला म्हणजे झाले तरी काय होते?

संगणकाची हार्ड डिस्क म्हणजे घरातले फडताळ आणि रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. काम होते ते ओट्यावर. ओटा लहान आणि भांडी फार, तर सगळा वेळ उचल-ठेव करण्यातच जातो. आपल्या संगणकाचा ओटा २ जीबीचा. त्यावर विंडोज ७ होते, पण त्याची कंपनीकडून होणारी डागडुजी १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. विंडोज ११ ला निदान ४ जीबी रॅम लागते. म्हणजे यंत्र धड होते, पण नव्या भांड्यांना ओटा पुरत नव्हता.

तेव्हा मी लिनक्सकडे वळलो. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' हे काम जाहीर केले, आणि १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. हे मुक्त सॉफ्टवेअर. मुक्त म्हणजे नुसते फुकट नव्हे. ते वापरा, उघडून पाहा, बदला, दुसऱ्याला द्या, सगळ्याची मोकळीक असते. विरजण शेजारी दिले म्हणून आपले दही कमी होते का? तसेच हे.

लिनक्स मिंटचा 'एक्सएफसीई' नावाचा हलका प्रकार २ जीबीवर चालतो. तो आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतो, हार्ड डिस्कला हात न लावता. मी बघितला, आवडला, आणि उत्साहाच्या भरात हार्ड डिस्कवर बसवून टाकला. जुन्या क्रीडा स्पर्धांचे फोटो आधी उतरवून घ्यायचे राहिले. ते गेले ते गेलेच. चूक माझी. तुम्ही कधी हे केलेत तर पहिले काम जुने सगळे दुसरीकडे उतरवण्याचे. आणि तो पेन ड्राइव्हही रिकामा घ्या, कारण तयार करताना तोही पुसला जातो.

आता खरी गोष्ट. आपल्या पोषण आहाराच्या मावशी बचत गटाच्या सचिव आहेत. गटात १० जणी, दरमहा १०० रुपये. वहीतली बेरीज दर महिन्याला चुकायची आणि बैठकीत बोलणी खावी लागायची. मी म्हटले, "मावशी, संगणकावर करा."

"नको गुरुजी, माझ्याच्यानं बिघडलं तर?"

मी माउस हातात घेतला, भराभर सगळे दाखवले आणि विचारले, "समजलं ना?" त्या हो म्हणाल्या. मग आठ दिवस त्या खोलीकडे फिरकल्या नाहीत. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शिकलो मी नि बघितले त्यांनी!

दुसऱ्या खेपेला मी हात मागे बांधून उभा राहिलो. (फार अवघड जाते हो हे.) 'जीकॉम्प्रिस' नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये माउस फिरवला की वरचे चौकोन पुसले जातात नि खालचे चित्र दिसते. मावशी तीन दिवस तेवढेच खेळल्या. पडद्यावर मी फक्त दोन चित्रे ठेवली. एक हिशेबाचे, एक बंद करायचे. त्यांची नावे मराठीत लिहिली.

मग टंकलेखन. इनस्क्रिप्ट पद्धतीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला. मावशी सातवी शिकलेल्या, त्यांना बाराखडी पाठ, त्यामुळे हे पटकन उमगले. एकदा हिशेबाची रांगच्या रांग पुसली गेली, तशा त्या उठूनच उभ्या राहिल्या. मी म्हटले, "मावशी, कंट्रोल दाबून धरा नि झेड दाबा." रांग परत आली. त्या दिवशी त्यांची भीती निम्मी झाली असावी.

लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये दहाही जणींच्या रकमांची बेरीज केली. १००० हवे होते, आले ९००. मावशी म्हणाल्या, "बघा, हे बी चुकतंय." मी गप्प. त्यांनी बोट लावून एकेक नाव वाचले. सहाव्या नावापुढे आकडाच नव्हता. तो त्यांनी स्वतः भरला.

संगणक अजून संथच आहे. इंटरनेटची दोन-तीन पाने एकदम उघडली की अडखळतो, आणि सुरू व्हायला दोन मिनिटे घेतो. मावशी आधी बटण दाबतात, मग तांदूळ धुवायला जातात.