वृद्ध रुग्ण आणि अतिदक्षता विभाग

हुबळीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५७ साली सुरू झाले. ‘किम्स’ या नावाने परिचित असलेल्या त्याच्या रुग्णालयात गदग, हावेरी, उत्तर कन्नड या जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात. हल्याळकडील मराठी कुटुंबांनाही घरातील वडीलधारे अत्यवस्थ झाले की हुबळी-धारवाडचाच रस्ता धरावा लागतो. तेथे पहिला प्रश्न असतो : अतिदक्षता विभागात ठेवायचे काय?

‘ऐंशी उलटली, आता काय उपयोग’ हे उत्तर जितके उतावळे, तितकेच ‘काहीही करा, पण वाचवा’ हेही. युरोपातील २१ देशांत ऐंशी वा अधिक वयाच्या सुमारे ५,००० रुग्णांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. महिन्याभरात त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश दगावले. म्हणजेच दोनतृतीयांश जगले. दगावण्याचा धोका आधीपासून क्षीण झालेल्यांत अधिक आढळला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील प्रयोगात पंचाहत्तरीपुढील रुग्णांना सरसकट अतिदक्षता विभागात घेण्याचा प्रयत्न झाला. दाखल होणारे वाढले. सहा महिन्यांतील मृत्यू मात्र घटले नाहीत. हे आकडे परदेशचे आहेत, ते आपल्याकडे जसेच्या तसे लावू नयेत.

जगणे म्हणजे पूर्ववत होणे नव्हे. लंडनमधील २०१३ च्या एका अभ्यासात, अत्यवस्थ रुग्णांच्या मांडीचा स्नायू दहा दिवसांतच सुमारे १८ टक्क्यांनी झिजल्याचे दिसले. तरुण माणूस ही झीज भरून काढतो. काठी टेकत चालणारे आजोबा कदाचित पुन्हा उठणार नाहीत, आणि त्यांची शुश्रूषा बहुधा घरच्या सुनेवरच पडेल. हा विचार रुग्णालयात क्वचितच बोलला जातो.

म्हणून डॉक्टरांना केवळ वय सांगू नये. महिन्यापूर्वी ते शेतावर जात होते काय, स्वतः आंघोळ करीत होते काय, माणसे ओळखत होते काय, हे सांगावे. तीन-चार दिवस उपचार करून पुन्हा विचार करता येईल काय, हेही विचारावे.

रुग्णाची स्वतःची इच्छा आधीच लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशा वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली व २०२३ साली त्याची पद्धत सुलभ केली. कर्नाटक शासनाने जानेवारी २०२५ मध्ये त्यासंबंधी आदेश काढला. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून ते नोटरी अथवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करावे, आणि आपल्या वतीने कोणी निर्णय घ्यावा त्यांची नावे त्यात द्यावीत. ते केव्हाही बदलता येते. कृत्रिम उपचार थांबविण्यापूर्वी डॉक्टरांच्या दोन मंडळांचे मत घेतले जाते. वेदनाशमनाचे उपचार मात्र चालूच राहतात.