पाटाचं पाणी

माझ्या वडिलांच्या, आबांच्या, धोतरावरचा रक्ताचा डाग आईला पहिल्यांदा दिसला तो पोळ्याच्या आदल्या दिवशी. आबा म्हणाले, "मूयव्याधज शे." आम्हीही तेच धरून बसलो. आठ महिने ताक, सुरण आणि एका गावठी वैद्याच्या पुड्या. शौचाची वेळ पार बिघडली, वजन उतरलं, चार पावलं चढ आला की धाप लागायची. धुळ्याला सोनोग्राफी केली तेव्हा लिव्हरमध्ये चार डाग निघाले. कॅन्सरची मूळ गाठ होती मोठ्या आतड्यात, डाव्या बाजूला.

आतड्याचा आजार लिव्हरला कसा पोचला, हे मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी केसपेपरच्या पाठीमागे एक शीर काढून दाखवली आणि मला आमचा पाट आठवला. पांझरा नदीच्या फडात, म्हणजे एकाच पाटावर भिजणाऱ्या शेतांच्या पट्ट्यात, आमचं वावर. वरच्या वावरात गाजरगवत फुललं की त्याचं बी पाटात पडतं आणि आमच्या बांधाशी उगवतं. आतड्याचं रक्तही पोर्टल शिरेतून आधी लिव्हरमध्ये शिरतं, मग हृदयाकडे जातं. गाठीतल्या पेशी शेजारच्या पेशींना धरून राहीनाशा होतात, आतड्याचे थर पोखरतात, रसग्रंथींत आणि शिरांत उतरतात. रक्तात बहुतेक मरतात. एखादी लिव्हरच्या बारीक जाळीत अडकते आणि तिथं तिला मानवलं तर वाढते. स्टीफन पॅजेट या इंग्रज डॉक्टरने 1889 मध्येच बी आणि जमीन अशी उपमा देऊन हे मांडलं होतं. गुदाशयाच्या खालच्या भागातलं रक्त मात्र लिव्हरला वळसा घालून जातं, म्हणून तिथल्या गाठीत फुप्फुसंही नीट बघावी लागतात.

गावात लोक म्हणाले, आता लिव्हरचाही कॅन्सर झाला, काविळीचं औषध द्या. ते खरं नव्हतं. लिव्हरमधल्या पेशी आतड्याच्याच होत्या, त्यामुळे केमोही आतड्याच्या कॅन्सरचीच चालली. डाग मोजके आणि सोयीच्या जागी असले तर लिव्हरचा तेवढा भाग काढता येतो, काही जण त्यातून बरेही होतात. म्हणून 'पसरलाय' हा शब्द ऐकून घरी परत फिरू नका. लिव्हरच्या सर्जनचं मत घ्या. आबांचे डाग लिव्हरच्या दोन्ही बाजूंना होते, काढण्याजोगे नव्हते. आबा दीड वर्ष जगले.

रक्त पडलं तर मूळव्याध आहे हे डॉक्टरांनी तपासून सांगू द्या, आपण ठरवू नये. चाळिशीपुढच्या माणसाचं, त्यातही पुरुषाचं, हिमोग्लोबिन उगाच उतरत नाही. रक्तवाढीच्या गोळ्या देऊन थांबू नका, कोलोनोस्कोपीचं विचारा. आतड्यातला कोंब, म्हणजे पॉलिप, कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं घेतो. आई-वडील किंवा भावंडाला हा आजार झाला असेल तर चाळिसाव्या वर्षीच तपासणी करा. त्यांना पन्नाशीच्या आत झाला असेल, तर त्या वयाच्या दहा वर्षं आधी.

माझी कोलोनोस्कोपी झाली. पडद्यावर हरभऱ्याएवढा कोंब दिसला, डॉक्टरांनी तारेच्या फासाने तिथल्या तिथे काढला. दुखलं नाही.

धाकट्या भावाची तारीख सोमवारची आहे. रविवारी मी त्याच्याकडे मुक्कामाला जातोय. पोट साफ करायचं ते औषधाचं पाणी तो निम्मं ओतून देईल, मला माहीत आहे.