ऑइल दुधाळ दिसलं की सेल्फ मारू नकोस

अगं, 31 जुलैला मासेमारीची बंदी संपते आणि 1 ऑगस्टला पहिली फेरी गाठायची म्हणून बंदरात सगळ्यांचीच धांदल उडते. दोन महिने बोट वर ओढलेली, त्यात कोकणातला पाऊस. सायलेन्सरच्या पाइपातून म्हण, बोटीच्या तळाशी साचलेल्या पाण्यातून म्हण, इंजिनात पाणी शिरायला वाटा पुष्कळ. म्हणून आधीच सांगून ठेवते. तांडेल बघेल, भावोजी बघतील असं म्हणून तू घरी बसू नकोस. बोटीच्या कर्जाच्या कागदावर तुझीही सही आहे, इंजिनापाशी उभं राहायचा तुझा हक्क आहे.

सेल्फ मारायच्या आधी डिपस्टिक काढायची, फडक्याने पुसायची, परत घालून बघायची. ऑइल वरच्या खुणेच्याही वर गेलंय? मग त्यात काहीतरी मिसळलंय, कारण ऑइल आपोआप वाढत नसतं. डिझेल असेल तर वास येतो, ऑइल पातळ लागतं. पाणी घुसळलं गेलं असेल तर रंग दुधाच्या चहासारखा होतो. पण एक लक्षात ठेव, इंजिन बरेच दिवस बंद असलं की पाणी ऑइलच्या चेंबरच्या तळाशी जाऊन बसतं आणि डिपस्टिकला वरचं चांगलं ऑइल लागतं. तेव्हा रंगावर भुलू नकोस, पातळी बघ. शंका राहिली तर तळातलं थोडं ऑइल ओढून दोन थेंब तापलेल्या पत्र्यावर टाक. पाणी असेल तर तडतडतं.

कुणीतरी म्हणेलच, ‘चालवून बघू, गरम झालं की उडून जाईल.’ त्याचं अजिबात ऐकू नकोस. दमटपणाने धरलेला ओलावा उडतो, चेंबरमध्ये साठलेलं पाणी नाही. बेअरिंगला ऑइलचा जो पातळ थर लागतो तो पाण्याने तुटतो आणि क्रँक घासायला लागतो. पाणी सिलिंडरच्या आत असेल तर त्याहून वाईट. पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी नोझल काढून घ्यायचे आणि फ्लायव्हील हाताने फिरवायचं. आत पाणी असेल तर नोझलच्या भोकांतून बाहेर उडतं, तेव्हा तोंड लांब ठेव.

आता ऑइल काढायचं. बोटीत चेंबरचा नट तळाच्या इतका जवळ असतो की खाली ट्रे सरकत नाही. म्हणून डिपस्टिकच्याच नळीतून बारीक पाइप तळाला टेकेपर्यंत घालायचा आणि हातपंपाने ओढायचं. पाणी खाली बसलेलं असेल तर आधी तेच येतं, मग ऑइल. पारदर्शक बाटलीत घे, म्हणजे काय निघतंय ते डोळ्यांना दिसेल.

एवढ्यावर काम संपलं असं फिटर म्हणाला तरी हलू नकोस. फिल्टरमध्ये, ऑइल कूलरमध्ये, बारीक वाटांमध्ये दुधाळ ऑइल राहतंच. नवा फिल्टर, त्याच ग्रेडचं साधं ऑइल, लोड न देता कोमट होईपर्यंत चालवायचं आणि परत काढायचं. स्वच्छ येईपर्यंत असंच दोनतीनदा. पैसे जातात, मला कळतं. क्रँक गेला तर मात्र अख्खा हंगाम जातो.

आणि नवं ऑइल घालून चालवायचं, ते पाणी कुठून आलं हे सापडल्यावरच. हेड गॅस्केट, ऑइल कूलर, पाण्याच्या पंपाचा सील, तिन्ही उघडून बघायला लाव. नाहीतर नवं ऑइलही दुधाळ होईल.

खारं पाणी असेल तर उद्यावर टाकू नकोस, गंज फार लवकर धरतो. फिटर आज येणार नसेल तर निदान पाणी ओढून घे, नोझलच्या भोकातून थोडं ऑइल सोड आणि फ्लायव्हील हाताने फिरवून ठेव.

काढलेलं ऑइल कॅनमध्ये भर, झाकण घट्ट लाव आणि परवाना असलेल्या जुनं ऑइल घेणाऱ्यालाच दे. बंदरात ओतायचं नाही, मध्यरात्री कुणी बघत नसलं तरी नाही. त्याच पाण्यातली मासळी तू टोपलीत घेऊन बसतेस.

आणि फिटर येईपर्यंत इंजिनाची चावी कनवटीला खोचून ठेव. कुणी कितीही घाई केली तरी देऊ नकोस.