जुन्या ट्रकची पारख : रंगापलीकडे पाहण्याचा अभ्यास

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत मालवाहतूक हा असंख्य कुटुंबांचा आधार आहे. घुग्घुस-सास्तीचा कोळसा, गडचांदूर परिसरातील सिमेंट, सुरजागडचे लोहखनिज, आलापल्लीचे सागवान यांतील बराच माल ट्रकनेच हलतो. या व्यवसायात उतरू पाहणाऱ्या होतकरू तरुणास नवे वाहन परवडत नाही. तो जुने घेतो. त्यासाठी कधी शेत गहाण पडते, कधी आईचे दागिने मोडतात. म्हणूनच सौदा करण्यापूर्वी वाहन डोळसपणे पाहण्याची विद्या प्रत्येकाने आत्मसात करावी.

पहिला नियम असा की, ताज्या रंगाला भुलू नये. रंग हौद्याला आणि केबिनला लागतो. खाणीची धूळ मात्र चेसिसच्या कोपऱ्यांत दडून राहते. काळी भुकटी कोळशाची, तांबूस लोहखनिजाची, तर राखाडी बहुधा सिमेंटची. ट्रकने कोणते कष्ट उपसले, हे ती धूळ सांगते.

त्यानंतर वाहनाखाली वाकून चेसिसची लांब तुळई न्याहाळावी. वेल्डिंगचे नवे सांधे, वरून ठोकलेली पट्टी किंवा एकाच ठिकाणी लावलेला ताजा रंग दिसल्यास तेथे तडा गेला असण्याचा संशय घ्यावा. पाट्यांपैकी एखादा तुटलेला किंवा एका बाजूचे पाटे अधिक चपटे असतील, तर अतिभार वाहिल्याची ती खूण समजावी. रिकामा ट्रक सपाट जागेवर उभा करून मागून पाहिल्यास एका बाजूचा झुकाव सहज लक्षात येतो.

टायर हे तर बोलके साक्षीदार होत. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी ठेवली गेली. मधला भाग झिजला असेल तर ती जास्त भरली गेली. पुढील टायरची एकच कड झिजली असेल, तर चाकांचे अलाइनमेंट बिघडलेले असावे किंवा किंगपिन सैल झाली असावी. टायरवरील चार अंकांत निर्मितीचा आठवडा आणि वर्ष असते, तेही वाचावे.

इंजिन थंड असतानाच सुरू करावयास सांगावे. आधीच तापवून ठेवलेले इंजिन दोष झाकते. सतत निघणारा निळसर धूर ऑइल जळत असल्याचे, तर दाट काळा धूर इंधन-हवेचे प्रमाण बिघडल्याचे लक्षण होय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर पाणी आत शिरत असण्याची शक्यता असते. ऑइलचा रंग दुधाळ दिसल्यास हा संशय बळावतो.

तथापि डोळ्यांची परीक्षा ही केवळ पहिली पायरी होय. भरवशाच्या मिस्त्रीला सोबत घेऊन, शक्यतो भार लादून, चढावर ट्रक चालवून पाहावा. चेसिसवर कोरलेला क्रमांक नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहावा. कर, विमा, परमिट आणि कर्जाचा बोजा तपासावा. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी नूतनीकृत व्हावे लागते, हेही ध्यानी ठेवावे.

विक्रेता घाई करीत असेल, तर आपण थांबावे. चार दिवसांचा विलंब चार वर्षांचे कर्ज वाचवू शकतो. कष्टाचा पैसा आहे. तो चकाकीला नव्हे, मजबुतीला द्यावा.