गोचीड पोषक प्राण्यापर्यंत पोहोचतो कसा?

गोचिडाला पंख नाहीत. त्याला उडता येत नाही, पिसवेप्रमाणे उडीही मारता येत नाही. स्वतःच्या पायांनी तो फार तर काही मीटर अंतर चालतो. असे असूनही तो गुरांच्या, वानरांच्या आणि माणसांच्या अंगावर अचूक पोहोचतो. हे कसे घडते, हे जाणून घेणे केवळ कुतूहलाचा विषय नाही. रानात वावरणाऱ्यांच्या दृष्टीने तो जीवनमरणाचा प्रश्न आहे.

गोचीड हा कीटक नव्हे. कोळी आणि विंचू यांच्या वर्गातील तो प्राणी होय. अंड्यातून बाहेर पडणाऱ्या डिंभाला सहा पाय असतात. एकदा रक्त पिऊन कात टाकली की त्याला कुमारावस्था प्राप्त होते आणि पायांची संख्या आठ होते. पुन्हा रक्त पिऊन तो प्रौढ बनतो. अनेक जातींत प्रत्येक अवस्थेला नवा पोषक प्राणी शोधावा लागतो.

या शोधाची रीत मोठी विलक्षण आहे. गोचीड गवताच्या पात्यावर किंवा पाचोळ्याच्या कडेवर चढतो, मागच्या पायांनी आधार धरतो आणि पुढचे दोन पाय हवेत पसरून वाट पाहत राहतो. या पुढच्या पायांवर हॅलरचे इंद्रिय नावाचा सूक्ष्म खळगा असतो. श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड, घामाचा गंध आणि अंगाची ऊब यांची जाणीव त्यामुळे होते. काही वंशांतील गोचिडांना डोळेच नसतात. तरीही त्यांचे काम अडत नाही. प्राणी घासून जाताच गोचीड त्याला चिकटतो. उन्हाने अंग सुकू लागले तर तो खाली ओलसर पाचोळ्यात उतरतो, हवेतील बाष्प शोषून घेतो आणि पुन्हा वर चढतो. हायलोमा वंशातील प्रौढ गोचीड मात्र वाट पाहत बसत नाहीत. चाहूल लागताच ते जमिनीवरून सावजाकडे धाव घेतात.

दूरचा प्रवास गोचीड करतो तो पोषक प्राण्याच्या अंगावरून. रक्त पिऊन फुगलेली मादी गुराच्या अंगावरून गळून पडते आणि जमिनीवर हजारांच्या संख्येने अंडी घालते. म्हणून डिंभ एकाच जागी पुंजक्याने आढळतात.

या भटकंतीचे गंभीर परिणाम १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलाच्या परिसरात दिसून आले. प्रथम वानरे मरू लागली, पाठोपाठ माणसे तापाने आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी या रोगाचा विषाणू शोधून काढला. हाच क्यासनूर जंगल रोग किंवा माकडताप. डिंभावस्थेत बाधित प्राण्याचे रक्त प्यालेला गोचीड कुमारावस्थेतही विषाणू बाळगतो आणि माणसाला चावून रोग देतो. बाधित माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचीड त्याच जागी विखुरतात. २०१५ साली गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्ग जिल्ह्यात या रोगाचा उद्रेक झाला.

कुमारावस्थेतील गोचिडांचा सुळसुळाट साधारणपणे डिसेंबर ते मे या काळात असतो. काजू वेचण्याचा, सरपण आणि पाला गोळा करण्याचा हंगामही हाच. पाचोळ्यात बसून काम करणारा माणूस गोचिडाच्या वाटेवरच बसलेला असतो, हे ध्यानी घ्यावे.

म्हणून रानात जाताना अंगभर कपडे घालावेत, विजारीची टोके मोज्यांत खोचावीत, उघड्या त्वचेला कीटकरोधक तेल लावावे. पाचोळ्यावर थेट बसू नये. घरी परतताच कपडे गरम पाण्यात भिजवावेत, स्नान करावे आणि काखा, जांघा व कानामागील भाग तपासावा. गोचिडाच्या लाळेमुळे चावा सहसा दुखत नाही. तेव्हा दुखण्याची वाट पाहू नये. चिकटलेला गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावा. तो बोटांनी चिरडू नये, त्याला चटकाही देऊ नये.

मेलेले माकड दिसल्यास त्याला हात न लावता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवावे. रानातून आल्यावर एकाएकी तीव्र ताप, डोकेदुखी व अंगदुखी सुरू झाल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे जावे आणि आपण रानात गेलो होतो हे आवर्जून सांगावे. गोचीड आपली वाट सोडणार नाही. ती ओळखून सावध राहणे मात्र आपल्या हाती आहे.