इव्हान या नांवाची कुळकथा

शाळेच्या हजेरींत 'योहान' हें नांव आम्ही कैक वेळां ऐकलें आहे. रशियन गोष्टींत पानोंपानीं भेटणारा 'इव्हान' हा याच योहानाचा भाऊबंद होय, हें मात्र पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

दोन्ही नांवांचें मूळ 'योहानान' या इब्री शब्दांत आहे. 'परमेश्वर कृपाळू आहे' असा त्याचा अर्थ. ग्रीकांनीं त्याचें 'योआन्नेस' केलें. आणि सन ९८८ च्या सुमारास कीव्हचा राजा व्लादिमिर यानें बाप्तिस्मा घेऊन ग्रीक मंडळीचा धर्म स्वीकारल्यावर, संतांच्या इतर नांवांबरोबर तेंही त्या देशांत रुजलें. उपासनेच्या पोथ्यांत त्याचें रूप 'इओआन' असें राहिलें. पण तीन स्वर एकापाठोपाठ उच्चारणें कोणास आवडतें? लोकांच्या तोंडीं मध्यें 'व' शिरला आणि 'इव्हान' झाला. मुलाचें नांव संतांच्या पंचांगांतून निवडण्याची तेथें चाल होती, व त्या पंचांगांत योहान नांवाचे संत फार. त्यामुळें खेडोपाडीं इव्हानांचा सुकाळ झाला.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या जन्माचा सण जुन्या गणनेप्रमाणें २४ जूनला, म्हणजे हल्लींच्या ७ जुलैला येतो. त्याचें लौकिक नांव 'इव्हान कुपाला'; यांतील 'कुपाला' या शब्दाचें नातें स्नानाशीं जोडतात. आदल्या रात्रीं तरुण मंडळी होळ्या पेटवून त्यांवरून उड्या मारीत व नदींत न्हात. आमच्या गोव्यांत २४ जूनला सांजांव साजरा होतो, आणि पानाफुलांचे मुकुट घालून लोक विहिरींत उड्या घेतात, त्याची येथें आठवण व्हावी. कारण पोर्तुगीजांचा 'जुआंव' तोही योहानच!

हें नांव राजवाड्यांतही पोंचलें. चौथ्या इव्हानानें १५४७ सालीं 'झार' या पदवीनें राज्याभिषेक करविला. त्याला 'ग्रोझनी' म्हणत. इंग्रजी पुस्तकांवरून आपण त्याचा अर्थ 'भयंकर' असा घेतों, परंतु मूळ शब्दांत दराऱ्याचा भाव अधिक आहे. तथापि १५८१ सालीं त्यानें संतापाच्या भरांत आपल्या वारस पुत्रास काठीनें मारलें व त्यांत तो गेला, असें सांगतात. त्या पुत्राचें नांवही इव्हानच होतें. कृपेचा अर्थ वाहणारें नांव मारणाऱ्याचें आणि मरणाऱ्याचें एकच असावें, हें वाचून आमचें मन कांहीं वेळ सुन्न झालें.

लोककथांतील इव्हान याहून अगदीं निराळा आहे. तो तीन भावांतील धाकटा, चुलीवर लोळणारा, सर्वांनीं 'मूर्ख' म्हणून हिणविलेला. पण शेवटीं राजकन्या मिळते ती त्यालाच. नांवाचा खरा अर्थ या वेड्या पोरालाच शोभतो, असें आम्हांस वाटतें.

रशियनांत वडील माणसास हांक मारतांना त्याच्या नांवाबरोबर त्याच्या बापाचेंही नांव घेतात. इव्हानाचा मुलगा 'इव्हानोविच', मुलगी 'इव्हानोव्हना'. आपल्याकडे बापाचें नांव कागदोपत्रीं मध्यें बसतें. तेथें तें प्रत्यक्ष बोलण्यांत येतें आणि त्यांतच आदर असतो. उलट घरचीं माणसें लाडानें 'वान्या' म्हणतात, आणि चाकरास किंवा पोऱ्यास 'वान्का' अशी हलकी हांक पडे. झारकडे अर्ज करणारे मोठमोठे सरदारसुद्धां स्वतःचें नांव असेंच हलकें करून लिहीत. पीटर बादशहानें ती चाल १७०१ मध्यें बंद केली.

चेकॉव्हनें १८८६ सालीं लिहिलेल्या एका गोष्टीचें नांवच 'वान्का' आहे. मॉस्कोंत एका मोच्याकडे काम शिकण्यास ठेवलेला नऊ वर्षांचा पोर, नाताळच्या आदल्या रात्रीं, मला येथून घेऊन जा म्हणून आजोबांना चोरून पत्र लिहितो. पाकिटावर आजोबांचें नांव तो त्यांच्या वडिलांच्या नांवासह अदबीनें घालतो. गांवाचें नांव घालावयाचें मात्र त्याला सुचत नाहीं.