झडपेचा आवाज ओळखून ठेव

बस इथे. डॉक्टरांनी पथ्यांचा कागद दिला असेल, तो जपून ठेव. मी सांगते ते त्या कागदाच्या मागच्या बाजूला लिही.

आपल्या दोघांची जन्माची खोड एकच. महाधमनीच्या झडपेला तीन पाकळ्या हव्यात, आपल्याला दोनच. शंभरात एखाद-दुसऱ्याला असतं हे, आणि वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. मला एकतिसाव्या वर्षी जिना चढताना धाप लागली, तेव्हा कळलं. १९९६ साली ‘चित्रा’ नावाची धातूची झडप बसली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने घडवलेली. पहिली कुणाला बसली ती डिसेंबर १९९० मध्ये. मी विचारलं, “किती वर्षं चालेल?” सर्जन म्हणाले, “झडप चालेल हो, तुम्ही गोळी चालवा.”

आता तुलाही धातूची झडप बसली आहे, तर पहिली गोष्ट गोळी. रक्त पातळ ठेवणारी, जन्मभराची. मी रात्री आठला घेते आणि कालनिर्णयावर त्या तारखेला टिंब देते. घेतली की नाही हा घोळच नको. राहिली आणि त्याच दिवशी आठवली तर घे. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नकोस. कुणी म्हणेल, आता तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या आल्यात. धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत, हे पक्कं ध्यानात ठेव.

आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा, त्याची वही कर. आपल्या जागच्या झडपेला साधारण दोन ते तीन ठेवतात, पण तुझा आकडा तुझे डॉक्टर ठरवतील. एका हिवाळ्यात गावाहून मेथीच्या जुड्या आल्या. आठवडाभर भाजी, पराठे, पीठ पेरून मेथी. आकडा दीडवर! पालेभाजी सोडायची नाही रे, पण दर आठवड्याला साधारण तेवढीच खायची. एकदम ढीगही नको, एकदम बंदही नको.

अंगदुखीची गोळी, काढा, चूर्ण, काहीही मनाने घेऊ नकोस. अँटिबायोटिक सुरू झालं की आकडा लवकर तपासून घे.

दातांना जप. हिरडीतले जंतू रक्तातून थेट झडपेवर बसतात. दात काढायचा तर आधी अँटिबायोटिक लागतं, ते विचारून घे. मला एका दंतवैद्यांनी सांगितलं होतं, “पाच दिवस गोळी बंद करा.” मी खुर्चीतून उठले आणि आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी बंद करू दिली नाही.

ताप दोन-तीन दिवसांत उतरेना, तर कोपऱ्यावरच्या दवाखान्यात आधी सांग, “माझी झडप कृत्रिम आहे.” अँटिबायोटिक पोटात जायच्या आधी रक्ताचं कल्चर व्हायला हवं, नंतर जंतू सापडणं कठीण.

स्कूटरवर हेल्मेट घालच. डोक्याला मार बसला तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात जा. शौचाला डांबरासारखी काळी झाली तरीही.

झडप बदलली म्हणून खोड संपत नाही. आपल्यासारख्यांची महाधमनी पुढे फुगू शकते, म्हणून वर्षाचा इको चुकवू नकोस. तुझ्या भावाचा आणि मुलीचाही एकदा करून घे. मी तुझ्या बाबांच्या मागे लागले नसते तर तुझं तरी वेळेत कुठे कळलं असतं?

आणि रात्री सगळं सामसूम झालं की टिक-टिक ऐकू येईल. पहिले महिने मी उशी कानावर दाबून झोपायचे. तू तसं करू नकोस, कान देऊन ऐक. तो आवाज तुझ्या ओळखीचा व्हायला हवा. कारण कधी तो दबका झाला, बुजल्यासारखा वाटला किंवा सोबत धाप लागली, तर सकाळची वाट बघायची नाही. झडपेवर गुठळी धरली असेल तर तास मोजके असतात. मला उठव, मी येते सोबत.